जुना ए.व्ही. रिसीव्हर बदलू की अजून दोन पावसाळे काढू?

खळ्यातला_श्रोता

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

घर गुहागरच्या बाजूला. समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते इतका जवळ. माजघरात ५.१ चा संच आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. रिसीव्हर (आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देणारी पेटी) २०१२ मध्ये घेतलेला, एचडीएमआय १.४ वाला, म्हणजे चित्र-आवाजाच्या वायरीची जुनी पिढी. पुढे दोन उभे स्पीकर, मध्ये सेंटर, मागे दोन छोटे आणि एक सबवूफर. रिसीव्हर भिंतीतल्या फडताळात बसवलाय. चाळीसेक ब्लू-रे आहेत, बाकी सगळं आता ओटीटीवर.

पाडव्याला ५५ इंची ४के टीव्ही घेतला आणि तेव्हापासून तक्रारी सुरू झाल्या.

पहिली: स्ट्रीमिंगची काडी रिसीव्हरमधून टीव्हीला दिली की चित्र १०८०पीच्या वर जात नाही. म्हणून आता टीव्हीतलीच अ‍ॅप वापरतो आणि आवाज ऑप्टिकल वायरीने रिसीव्हरला देतो.

दुसरी, जास्त त्रासाची: संवाद ऐकू येत नाहीत. गाणी, मारामारी, पाऊस, गाड्या सगळं दणक्यात, आणि माणसं मात्र पुटपुटतात. आई म्हणते, "ही माणसं तोंडात सुपारी धरून बोलतात काय रे?"

तिसरी: पुढचा उजवा स्पीकर अधूनमधून गप्प असतो. आवाज मोठा केला की खट्कन जागा होतो, मग रात्रभर नीट.

भाचा पुण्याला असतो. तो म्हणतो, मामा, हे सगळं म्युझियमला दे, नवीन ७.२ घे, अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो तसलं) घे. दुकानदाराने ७२ हजार सांगितले, त्यात वरचे स्पीकर धरलेले नाहीत. यंदा कलमांचे पैसे बऱ्यापैकी आलेत, म्हणून मन डळमळतंय. हिचं म्हणणं, त्या पैशात परसाला झटक्याचं कुंपण घालून घ्या, वानरांनी फणस ठेवला नाही एकही.

तर काय करू?

बांगडा_फ्राय

वहिनींना विचारून झालंय, उत्तर मिळालंय, आणि तरी धागा काढलाय. म्हणजे तुमचं आधीच ठरलेलं आहे.

वरून_आवाज

बिनधास्त बदला. तेरा वर्षं म्हणजे या क्षेत्रात दोन पिढ्या झाल्या. तुमचा रिसीव्हर आला तेव्हा अ‍ॅटमॉस नुकतंच थिएटरात शिरत होतं, २०१२ ची गोष्ट. घरच्या रिसीव्हरमध्ये ते २०१४ मध्ये आलं, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच जातीचं डीटीएस:एक्स. एचडीएमआय १.४ वर ४के जातं, पण सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच. ४के ६० साठी २.० लागतं, ते २०१३ चं, आणि एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारं चित्र) त्याच्याही नंतर. शिवाय ४के ओटीटीला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) ची साखळी सलग लागते. मध्ये एक जुनं यंत्र आलं की काडी निमूटपणे १०८०पीवर उतरते. तुमचं तेच होतंय. रिसीव्हर बिघडलेला नाही, त्याला ही भाषाच येत नाही.

नवीन घेतलात तर एचडीएमआय २.१, ईआर्क (टीव्हीतून पूर्ण दर्जाचा आवाज रिसीव्हरला आणणारी वाट), खोलीप्रमाणे आवाज जुळवणारा माइक, सगळं एका पेटीत. मी रत्नागिरीत फ्लॅटवर ५.१.२ लावलंय, म्हणजे ५.१ आणि वरच्या आवाजाचे दोन. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की आमची मांजर वर बघते. याहून मोठं प्रमाणपत्र नको.

सोल्डरगन

माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे चिपळुणात, त्यामुळे माझं मत दुरुस्तीकडे झुकणार हे आधीच सांगतो.

वरून_आवाज यांनी चित्राचं जे सांगितलं ते बरोबर. पण मूळ माणसाची तक्रार चित्राची आहे का? त्यांच्या आईला ४के नकोय, बोलणं ऐकू यायला हवंय. आणि संवाद गायब, बाकी सगळं दणक्यात, हे लक्षण मी महिन्यातून दोनदा बघतो. ५.१ मध्ये बोलणं बहुतेक सगळं सेंटरमधून येतं. सेंटर मेला आणि रिसीव्हरला ते कळलं नाही, तर तो बिचारा संवाद तिकडेच पाठवत राहतो. गाणी आणि मारामारी बाजूच्या स्पीकरांतून येते, म्हणून वाटतं संच ठणठणीत आहे.

श्रोता, एक काम करा. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर सेटअपमध्ये टेस्ट टोन असतो. तो लावा. सुसुसुसु असा आवाज एकेका स्पीकरवर फिरतो. सेंटरची पाळी आली की स्पीकरला कान लावा. मग वायर दोन्ही टोकांना सोडवून उजेडात बघा. तांबं लाल आहे, काळं आहे की हिरवं, तेवढं इथे लिहा.

उजवा स्पीकर आवाज वाढवल्यावर जागा होतो, ते ऐकून मला तर आनंदच झाला. ते रिलेचं दुखणं. चालू करताना आत जी टक् वाजते ती रिले. खाऱ्या दमट हवेत तिच्या संपर्कबिंदूंवर पापुद्रा धरतो. हळू आवाजात करंट इतका कमी की तो पापुद्रा फोडून जात नाही. जोर दिला की फुटतो. पार्ट स्वस्त असतो, काम अर्ध्या दिवसाचं. ७२ हजारांचं नक्की नाही.

कोकमआगळ

मी तर म्हणते रिसीव्हरच काढा. आमच्याकडे होता. तीन रिमोट, त्यात सासूबाई चुकीचा दाबायच्या, मग टीव्हीवर चित्र आणि रेडिओचा आवाज. शेवटी साउंडबार घेतला. एक वायर, एक रिमोट, आणि त्यात संवाद मोठे करायचं बटणच आहे. सासूबाई ते दाबून ठेवतात आणि खूश असतात.

श्रोतादादा, आई घरात एकट्या असताना तुमचा संच कोण लावून देतं?

वरून_आवाज

साउंडबार आणि ५.१ यांची तुलना म्हणजे टेट्रापॅकातलं सोलकढी आणि घरची.

कोकमआगळ

"टेट्रापॅकातली". सोलकढी स्त्रीलिंगी आहे, वरून_आवाज. रत्नागिरीत राहता ना?

वरून_आवाज

मूळचा नगरचा आहे हो ताई. माफी.

मालवणी_गजाल

गाववाल्यानू, माका ह्यातला काय्येक कळना नाय, पण आमच्या हंय एक गोष्ट सगळ्यांक म्हायत आसा. समुद्राच्या काठार वस्तू बिघाडली तर आदी तार बघूची, मगे वस्तू. माज्या मेव्हण्याच्या फ्रीजाचो कंप्रेसर बदललो, फ्रीज चालाक नाय. शेवटाक सॉकेटातली तार कुजलेली गावली. कंप्रेसराचे पैशे गेले ते गेलेच.

डेसिबल

दोन मुद्दे, दोन्ही कोरडे, पण उपयोगी पडतील.

पहिला. दुकानदार "जुना ८० वॅटचा, नवीन १०० वॅटचा" असं सांगेल. ८० चे १०० झाले म्हणजे आवाजात जेमतेम १ डेसिबलची भर. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल. कानाला "दुप्पट मोठं" वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शिवाय बॉक्सवरचे आकडे बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. तेव्हा वॅट बघून रिसीव्हर बदलू नका. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटात तो किती मोठा वाजतो ते) बघितलेली बरी.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. श्रोता, टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये "डिजिटल आउटपुट" समोर काय लिहिलंय? बहुतेक "पीसीएम" असणार, कारखान्यातून तसंच येतं. ओटीटीचा ५.१ आवाज येतो डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये. ऑप्टिकल वायरीत प्लस जातच नाही, साधं डॉल्बी डिजिटल जातं. आणि सेटिंग पीसीएमवर असेल तर टीव्ही त्याचं दोन चॅनेलचं स्टिरिओ करून देतो. मग तुमचा रिसीव्हर त्या स्टिरिओवरून प्रो लॉजिक लावून सेंटरला काय द्यायचं ते अंदाजाने ठरवतो. म्हणजे तेरा वर्षांचा ५.१ संच तुम्ही पाडव्यापासून स्टिरिओवर चालवताय, अशी मला दाट शंका आहे.

उपाय फुकट. रिसीव्हरच्या मागे एचडीएमआय आउटजवळ बारीक अक्षरांत "एआरसी" लिहिलंय का बघा. १.४ बरोबर ते आलं, त्यामुळे २०१२ च्या यंत्रात बहुधा असेलच. टीव्हीच्याही एका पोर्टवर तसंच लिहिलेलं असतं. दोन्ही त्याच वायरीने जोडा, दोन्हीकडे सीईसी (यंत्रांनी एकमेकांना चालू-बंद करायची सोय) चालू करा, टीव्हीचं आउटपुट "ऑटो" किंवा "पासथ्रू". काडी थेट टीव्हीला. चित्र ४केच राहील, आवाज उलट्या वाटेने रिसीव्हरला येईल. ब्लू-रे प्लेयर मात्र रिसीव्हरलाच ठेवा. १०८०पीला १.४ भरपूर आहे आणि ट्रूएचडी, डीटीएस-एचडी (ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज) तुमचा रिसीव्हर स्वतः उलगडतो. ते साध्या एआरसीतून जात नाही, त्यालाच ईआर्क लागतं.

बांगडा_फ्राय

डेसिबलभाऊ, तुम्ही एक प्रतिसाद लिहिला की माझा चहा गार होतो. पण वाचनखूण साठवली.

निसर्गानंतर

श्रोता, छप्पर कसलं आहे? स्लॅब की कौलं? कोणीच कसं विचारलं नाही?

खळ्यातला_श्रोता

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

निसर्गानंतर, कौलारू आहे. मंगळुरी कौलं, सागाचे वासे, माळा नाही. भिंती जांभ्याच्या, खाली फरशी.

कोकमआगळताई, खरं सांगतो, मी आंब्याच्या कामाला गेलो की आई टीव्हीच लावत नाही. रिसीव्हर चालू करायचा कसा ते तिला जमत नाही. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

टेस्ट टोन उद्या लावतो. आज लाईट नाही.

निसर्गानंतर

मग अ‍ॅटमॉसचं विसरा, निदान त्या उसळी मारणाऱ्या स्पीकरांचं तरी. ते आवाज छतावर मारतात आणि तो परतून खाली येतो, अशी कल्पना आहे. डॉल्बी स्वतः सांगतं की छत सपाट हवं, साडेसात ते बारा फुटांवर, फार तर चौदा. उतरत्या कौलांवर मारलेला आवाज कुठे जाईल तर शेजाऱ्याच्या गोठ्यात.

माझं घर अंजर्ल्याजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं उडाली, माजघरात सरळ आभाळ दिसत होतं. नंतर घाईत अर्ध्या घरावर पत्रा घातला तो अजून तसाच आहे. त्याच्याखाली मी एकदा चुलतभावाचे उसळीवाले स्पीकर आणून लावून बघितले. पत्रा थरथरायचा आणि त्याचाच आवाज जास्त यायचा.

बांगडा_फ्राय

पत्र्याखाली जुलैत बसलं की फुकटचं अ‍ॅटमॉस. वरूनच येतो आवाज, चारी बाजूंनी, आणि म्यूट होत नाही.

वरून_आवाज

छप्पर मी विचारायला हवं होतं, मान्य. पण वाशांना छोटे स्पीकर टांगता येतात की. सरळ डोक्यावर, खाली तोंड करून. कौलारू घरात उलट ते सोपं, स्लॅबला ड्रिल मारावं लागत नाही.

निसर्गानंतर

टांगता येतात. मग वाशावरून वायर फिरवा, उंदीर ती कुरतडणार, आणि वर्षातून एकदा कौलं चाळायला माणूस चढला की त्याचा पाय त्यावर पडणार. हौसेला मोल नाही, पण शिडी लागते.

बंद_घर_बोरिवली

थोडं अवांतर, पण याच विषयाला लागून आहे.

आमचं घर वेंगुर्ल्याकडे. वर्षातून दोनदा उघडतं, मे महिन्यात आणि गणपतीला. हौसेने संच नेऊन ठेवला होता. पहिल्याच गणपतीत बघतो तर सबवूफरवर पांढरी बुरशी, रिमोटमधले सेल फुटलेले, रिसीव्हर चालू होऊन तीन सेकंदांत बंद. खोललं तर आत पाल. वाळून पापडासारखी झालेली, शेपटी एका ट्रान्झिस्टरवर आणि तोंड दुसऱ्यावर. तिने मरता मरता माझा अ‍ॅम्प्लिफायर नेला.

तेव्हापासून निघताना सगळं सोडवून, जाड पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बांधून, वर तारीख लिहून ठेवतो. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर भाजायच्या, परत निळ्या होतात. सौ. म्हणते पोह्यांपेक्षा मी त्या जास्त मन लावून भाजतो.

सोल्डरगन

पालीचं अगदी खरं. रिसीव्हर उबदार असतो, वर जाळी असते, कोणी हलवत नाही. पालीला बाळंतपणाला याहून बरी जागा नाही. श्रोता, तुमचा फडताळात आहे म्हणालात. वर किती मोकळी जागा ठेवलीय? कमीत कमी चार-पाच बोटं हवी. कोंडलेल्या उष्णतेने आतले कॅपॅसिटर सुकतात. साधारण हिशेब असा की दहा अंश जास्त गरम म्हणजे निम्मं आयुष्य.

विषय निघालाच आहे म्हणून विजेचंही सांगून ठेवतो. मिरगाच्या आधीचे वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन मोसमांत माझ्याकडे जळके एचडीएमआय बोर्ड येतात. लोक पॉवरचा प्लग काढतात आणि डिशची वायर तशीच ठेवतात. वीज त्या वायरीने सेटटॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून रिसीव्हरमध्ये. ढग गडगडले की डिशची वायर आणि इंटरनेटची तांब्याची वायरसुद्धा काढायची. स्पाइक गार्डवर भरवसा असेल तर आधी घराचं अर्थिंग बघा. जांभ्यात ओल टिकत नाही, एप्रिल-मे मध्ये खड्डा कोरडा ठणठणीत होतो. त्यात पाणी घालायची आठवण कोणाला नसते.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या बाजारपेठेतलं एकूण एक इलेक्ट्रॉनिक सामान माझ्या दारात चिखलात पडलं होतं. त्यातले जे लोकांनी "चालतंय का बघू" म्हणून प्लग लावले नव्हते, त्यांतले काही मी स्वच्छ पाण्याने धुऊन, आठवडाभर सुकवून चालू केले. ज्यांनी प्लग लावला त्यांचं काही उरलं नाही. बुडलेली वस्तू बुडल्यामुळे कमी मरते आणि घाईमुळे जास्त मरते.

मिसरूड

नमस्कार काका लोक. कोणी गेमिंगचा विचारच करत नाहीये. ४के १२० पाहिजे असेल तर २.१ लागणारच. जुन्या रिसीव्हरने काय होणार?

डेसिबल

मिसरूड, कन्सोल टीव्हीला थेट लावायचा, आवाज एआरसीने. १२० चौकटी टीव्हीला मिळतात, रिसीव्हरला त्या बघायच्याच नसतात. २०२० मध्ये सुरुवातीला आलेल्या काही २.१ रिसीव्हरांत चिपचा दोष निघाला होता. नवीन कन्सोलवर ४के १२० दिलं की पडदा काळा. तेव्हाही जाणत्यांनी हाच सल्ला दिला होता. चित्राची प्रमाणं दर चार वर्षांनी बदलतात, आवाजाची इतकी भराभर बदलत नाहीत. चित्र रिसीव्हरमधून न्यायचंच नाही असं ठरवलं की जुन्या यंत्राचं आयुष्य आपोआप वाढतं.

वरून_आवाज

हे पटत नाही. ईआर्क नसल्यामुळे टीव्हीवरून लॉसलेस (काटछाट न केलेला) आवाज कधीच मिळणार नाही. आणि खोली जुळवणं २०१२ पासून फार पुढे गेलंय. जांभा आणि फरशी म्हणजे घुमणारी खोली. तिथे त्या माइकचा उपयोग होतोच.

डेसिबल

ओटीटीवर मुळात लॉसलेस येतच नाही, तेव्हा ईआर्कची उणीव त्यांना भासणार कुठे? खोलीचा मुद्दा मान्य. पण घुमणाऱ्या खोलीला आधी सतरंजी घाला, मग माइक.

कोकमआगळ

गोधडी. आजीच्या लुगड्याची, समोरच्या भिंतीला टांगलेली. आमच्या शेजाऱ्यांनी केलंय, दिसतंही छान.

खळ्यातला_श्रोता

अहवाल देतो. थोडा लांब आहे.

काल दुपारी लाईट आली, टेस्ट टोन लावला. डावा बरोबर. सेंटरची पाळी आली तर काही नाही. कान लावला तर फार दूरवर कोणी वाळूवर पाय घासत चाललंय असा आवाज. मग उजवा, मागचे दोन, सगळे व्यवस्थित.

सेंटरची वायर सोडवली. टोकाला तांबं नव्हतंच. हिरवट-निळी भुकटी, बोटाने दाबली तर गळून पडली. देवळातल्या जुन्या समईवर चढतो तोच रंग. इंचभर कापून पुन्हा सोललं तर आत काळी तार. अजून कापलं, तरी काळी. जवळजवळ वीतभर गेल्यावर लाल तांबं दिसलं. पारदर्शक वेष्टनाची वायर होती, बाहेरून बघूनच कळायला हवं होतं की आत हिरवी झालीय. मी त्याला वायरीचा रंग समजत होतो!

घरात दुसरी वायर नव्हती म्हणून साधी लाईटची दोन पदरी लावली तात्पुरती. आणि टेस्ट टोन सेंटरमधून असा आला की आई देवघरातून "काय फुटलं रे?" म्हणून आली.

मग टीव्हीचं सेटिंग बघितलं. डेसिबल, तुम्हाला साष्टांग. पीसीएमच होतं. रिसीव्हरच्या मागे टॉर्च धरून बघितलं, एआरसी लिहिलेलं आहे. तेरा वर्षांत ते मी पहिल्यांदा वाचलं. सीईसी चालू केल्यावर दोनदा काही झालं नाही. मग दोन्हीचे प्लग काढून पाच मिनिटं थांबलो, पुन्हा लावले, आणि रिसीव्हरच्या पट्टीवर पाडव्यापासून जे "प्रो लॉजिक" दिसायचं तिथे "डॉल्बी डी प्लस" आलं. मी फोटो काढला, इतका.

आता टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरही चालू होतो. आईला एकच रिमोट. कोकमआगळताई, हे तुमच्यासाठी.

पाल निघाली नाही. पण झाकण काढून पुसताना मागच्या कोपऱ्यात दोन पांढरी अंडी होती, साबुदाण्याहून मोठी, एक फुटलेलं. म्हणजे कोणी तरी राहून गेलंय.

उजवा स्पीकर मात्र अजून तसाच. सोल्डरगन, यंत्र घेऊन चिपळुणाला येऊ का?

सोल्डरगन

या. मंगळवार सोडून कधीही. पण झाकण काढताना प्लग काढून किती वेळ थांबला होतात? मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज बराच वेळ उरतो. पुढच्या वेळी आत बोट घालायची हौस माझ्यावर सोडा.

आणि लाईटची वायर राहू दे, काही बिघडत नाही. बदलायचीच तर टिनचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या. बोटींच्या वायरिंगला तीच वापरतात, खाऱ्या हवेत टिकते. बंदरावर जिथे बोटीचं सामान मिळतं तिथे विचारा. "स्पीकर केबल" म्हणून दुकानात सोनेरी डबीत जे विकतात त्याच्या निम्म्याहून कमीत पडेल.

मालवणी_गजाल

सांगलंय मां? आदी तार.

वरून_आवाज

श्रोता, अभिनंदन, मनापासून. तरी माझं मत नोंदवून ठेवतो. तेरा वर्षांचे कॅपॅसिटर आहेत, रिले एक गेली की दुसरी जाते, आणि त्या मॉडेलचा बोर्ड उद्या मिळेल याची खात्री नाही. कंपन्यांचंही काही खरं नसतं. ऑन्क्यो होम एंटरटेनमेंटसारखी जुनी जपानी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, नाव पुढे दुसऱ्यांकडे गेलं. आत्ता हातात पैसे आहेत, पुढच्या वर्षी मोहोर कसा येईल सांगता येत नाही.

निसर्गानंतर

हे मात्र खरं बोललात. मोहोराचं.

खळ्यातला_श्रोता

शेवटचं लिहितो, मग कामाला लागतो, काजू पडलेत.

चिपळुणाला जाऊन आलो. सोल्डरगन यांनी दोन्ही पुढच्या चॅनेलची रिले बदलली आणि आतून हवा मारली तेव्हा निघालेली धूळ मला पिशवीत घालून दिली, आठवण म्हणून. पैसे किती झाले ते लिहायला त्यांनी मना केलंय, नाहीतर सगळे तोच दर मागतील. फडताळाचा वरचा फळा काढून टाकला. जाळीवर बारीक मच्छरदाणीचं कापड लावणार होतो, पण हवा अडेल म्हणून ते म्हणाले नको, त्यापेक्षा फडताळाच्या दाराला लावा. तसं केलं.

वरून_आवाज, तुमचं म्हणणं कानाआड केलेलं नाही. हा गेला की नवीनच घेणार, आणि तेव्हा तुम्हालाच विचारणार. पण जाईपर्यंत नाही. कुंपणवाला सोमवारी मापं घ्यायला येतोय.

आई आता रोज मालिका लावते. परवा तासभर बसली, मग म्हणाली, "आता सगळं स्पष्ट ऐकू येतं." मी खूश. पाठोपाठ म्हणाली, "पण ह्यांचं बोलणं ऐकण्यासारखं नाही रे काही. पुटपुटत होती तेव्हा वाटायचं, काहीतरी महत्त्वाचं बोलत असतील."

बांगडा_फ्राय

काकूंना सदस्यत्व द्या कोणीतरी.

नवा_सदस्य_७७

नमस्कार. धागा पूर्ण वाचला नाही. मलाही साधारण ७० हजारांत अ‍ॅटमॉस रिसीव्हर घ्यायचा आहे, घर देवगडला. कुठला घेऊ?

निसर्गानंतर

छप्पर कसलं आहे?